आमच्या ओट्यावरचा मिठू

पोपटाला जे शिकवावं ते तो बोलतो, असं ज्यांनी कधी पोपट पाळला नाही ते म्हणतात. मी जन्मभर मास्तरकी केली. पोरं ढिगानं शिकवली आणि पोपट एकच शिकवला. त्या एकानं माझी जेवढी जिरवली तेवढी साऱ्या पोरांनी मिळून जिरवली नाही. शाळेत अर्थ न कळता पाठ म्हणणाऱ्याला आम्ही पोपटपंची म्हणून हिणवायचो. हा शब्द ज्यानं काढला त्यानं पोपट नीट पाहिलाच नसावा. तुम्ही त्याच्यासमोर बसून जे घोकता तिकडे तो ढुंकून बघत नाही. तुम्ही आपल्या नादात, जीव ओतून जे बोलून जाता ते मात्र नेमकं उचलतो, आणि नको त्या वेळी तुमच्याच आवाजात तुमच्या पदरात टाकतो.

आमचं गाव जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. पोपटांना तिकडे काही कमी नाही. ज्वारी दुधात आली की थवेच्या थवे उतरायचे. कणसाला दोन टोचे मारायचे, खाली टाकायचे, दुसऱ्यावर बसायचे. चिमणी पोटापुरतं खाते, पोपट खातो त्याच्या चौपट नासतो. शेतात गोफण घेऊन ज्याच्यामागे धावायचं त्यालाच घरी आणून डाळ भरवायची, हा आमच्याकडचा रिवाज. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

माझ्या वडिलांना आम्ही बा म्हणायचो. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बा उन्हाळ्याच्या तोंडी डोंगरात सरपणाला गेला होता. वाऱ्यानं मोडलेल्या एका झाडाच्या ढोलीत त्याला पिल्लू सापडलं, ते धोतराच्या सोग्यात बांधून त्यानं आणलं. अंगावर धड पिसं नाहीत, डोकं केवढं थोरलं, डोळे मिटलेले.

माय म्हणाली, "हे उंदराचं पोट्टं कायले आणलं?"

"उंदीर नोहे, राघू हाय," बा म्हणाला. त्यानं हरभऱ्याची डाळ भिजवली, आपल्या दातांखाली बारीक केली आणि बोटाच्या टोकावर घेऊन त्या चोचीत घातली. महिनाभर त्याचं हे चाललं होतं. मला कधी त्यानं असं भरवलं असेल का, असा विचार मनात येऊन मी रुसलेही होते.

पोपट घर पाळत नाही, एक माणूस पाळतो, हे मी तेव्हा शिकले. मिठूनं बाला पाळलं. बा दिसला की डोळ्यातलं काळं बुबुळ मोहरीएवढं व्हायचं, पुन्हा मोठं व्हायचं, मान खालीवर व्हायची. बाच्या खांद्यावर चढताना आधी चोच रोवायची, मग पाय. चोच म्हणजे त्याचा तिसरा पायच. लाडात आला की पोटातलं खाल्लेलं वर काढून बाच्या कानात घालायला बघायचा. बा ओरडायचा, पण कान पुसत हसायचाही. आम्हा बाकीच्यांना मात्र तो चावायचा. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची खूण अजून आहे. हिरवी मिरची दिली की डाव्या पायात धरायची, टरफल उसवायचं, आतलं बी तेवढं खायचं आणि उरलेलं माझ्या अंगावर फेकायचं. मिरचीनं जीभ पातळ होते आणि पोपट लवकर बोलतो, असं गावात म्हणत. त्यानं आमच्या मिरच्या किती खाल्ल्या असतील, पण वर्ष-दीड वर्ष तोंडातून शब्द नाही.

बा रोज संध्याकाळी पिंजऱ्यासमोर बसून म्हणायचा, "मिठू, भाकर खा. मिठू, पाणी पे." मिठू मान वाकडी करून ऐकायचा आणि गप्प.

मग एका सकाळी तो बोलला, आणि जे बोलला ते बानं त्याला कधी शिकवलेलं नव्हतं.

ते सांगायच्या आधी बाचं काम सांगायला हवं. बा गावचा येसकर होता. म्हणजे गावकीची पडेल ती कामं करायची. निरोप पोचवायचे, दवंडी द्यायची, सरकारी माणसाचं ओझं पुढच्या गावापर्यंत न्यायचं, मेलेलं ढोर ओढायचं. त्या बदल्यात घरोघर जाऊन भाकर मागायची. हातात घुंगराची काठी. आमचं घर वस्तीच्या टोकाला, पांदीच्या रस्त्याला लागून. गावचे मोठे पाटील रोज सकाळी त्याच रस्त्यानं छकड्यात बसून मळ्यात जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. बैलांच्या गळ्यातल्या घाट्या लांबून वाजायच्या. घाट्या ऐकू आल्या की बा असेल तिथून उठायचा. घास हातात असला तरी उठायचा. ओट्याखाली उतरायचा, कमरेत वाकायचा, हात जमिनीकडे न्यायचा आणि म्हणायचा, "जोहार, मायबाप."

बाचे दोन आवाज होते. घरातला आवाज जाड, भरदार, मायला हाक मारली तर नदीपर्यंत जावी असा. आणि जोहाराचा आवाज बारीक, वाकलेला, शेवटी ओढत नेलेला. मी लहान होते तरी मला दोन्ही वेगळे कळायचे.

त्या सकाळी बा डोंगरात गेला होता. घाट्या वाजल्या. छकडा ओट्यासमोर आला आणि पिंजऱ्यातून आवाज आला, "जोहार, मायबाप." अगदी तोच, बारीक, ओढलेला. मी आणि माय दोघी बाहेर धावलो. आम्हाला वाटलं बाच आला. पाटील पोट धरून हसले. छकडा थांबवून त्यांनी खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा पिंजऱ्यात टाकल्या. बा आल्यावर त्याला सांगितलं तर तोही हसला. साऱ्या वस्तीनं येऊन ऐकलं, कौतुक केलं. कोणाला त्यात काही खटकलं नाही. मलाही नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू?

दोन-तीन वर्षांनी साऱ्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बानंही घेतली. घरी आल्यावर त्यानं जुने देव नदीत सोडले, घुंगराची काठी मायच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाला, "हे चुलीत घाल." त्या काठीवर मायनं त्या दिवशीच्या भाकरी भाजल्या. घुंगरू तेवढे राखेत राहिले. गावकी सुटली, भाकर मागणं सुटलं. बा हंगामात जामोदच्या कापसाच्या जिनात कामाला जाऊ लागला, एरवी रोजानं जाऊ लागला.

दीक्षेनंतरची पहिली सकाळ मला जशीच्या तशी आठवते. बा ओट्यावर घोंगडी टाकून बसला. त्यानं मुद्दाम तोंड धुतलं होतं, सदरा घातला होता. घाट्या वाजल्या. बाचा गुडघा उचलला गेला. चाळीस वर्षांची सवय, मनाच्या आधी गुडघाच उठतो. बानं दोन्ही हातांनी तो गुडघा दाबून धरला. मी दाराआडून बघत होते. छकडा समोर आला. पाटलांनी बसलेल्या बाकडे बघितलं. बा बसून राहिला.

आणि नेमकं तेव्हाच, त्याच्या डोक्यावरून, त्याच्याच आवाजात, "जोहार, मायबाप."

पाटलांनी छकडा थांबवला. म्हणाले, "बरं हाय बावा. घरात एक तरी रीत पाळणारं राह्यलं." शेंगा टाकल्या आणि गेले.

मग ते रोजचंच झालं. पाटील छकडा थांबवायचे. मिठू बोलला की शेंगा द्यायचे. सोबत कोणी असला की त्याला सांगायचे, "बापापरीस पाखरू इमानी." ते फार दुष्ट होते असं नाही. त्यांना गंमत वाटायची, आणि त्या गमतीत आपली जुनी जागाही सापडायची. बानं काही महिने ते सोसलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मग घाट्या वाजल्या की तो आत येऊन बसू लागला. ज्या माणसानं न उठता बसायला एवढी हिंमत केली, तो आपल्याच ओट्यावरून आपल्याच आवाजाच्या भीतीनं उठून जाऊ लागला. मायनं मला हे नंतर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तो उठला नाई पाटलासाठी, पण पाखरासाठी उठला."

उपाय सगळे करून झाले. पिंजरा आतल्या खोलीत टांगला. तिथं मिठूला उजेड नाही, रस्ता नाही, चिमण्या नाहीत. पोपटाला काही ना काही बघायला लागतं, नाही तर तो स्वतःलाच खायला लागतो. आठ दिवसांत त्यानं छातीवरची पिसं उपटून काढली, खाली गुलाबी कातडी दिसू लागली. आणि इतकं करून घाट्या वाजल्या की आतून दुप्पट जोरानं ओरडायचा. मायला ते बघवेना. तिनं पिंजरा पुन्हा बाहेर नेला.

मग बानं त्याला डोंगरात नेऊन सोडलं. म्हणजे सोडायला नेलं. उडू नये म्हणून कापलेली पंखांची पिसं पुन्हा वाढू दिली होती, उडता येत होतं. बा सांगायचा, रानातले पोपट झाडावर कलकलाट करत होते, यानं एकदा वर बघितलं, थरथरला आणि बाच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. बानं त्याला फांदीवर ठेवलं आणि पाठ फिरवून चालू लागला. विसेक पावलं गेला असेल, तर डोक्यावर फडफड झाली आणि स्वारी खांद्यावर. संध्याकाळी दोघं घरी आले. बा नुसता म्हणाला, "येत नाई तो जंगलात," आणि डाळ भिजत घातली.

वस्तीतली तरणी पोरं चिडली होती. त्यांचंही चुकलं नव्हतं. एक जण सरळ म्हणाला, "मान मुरगाळून टाका त्याची. वस्तीची बदनामी करून राह्यला."

बा म्हणाला, "त्यानं माह्यापासून घेतलं. मुरगाळाची त माही मुरगाळा."

हे सगळं चाललं तेव्हा मी घरी नव्हते. आधी शाळेसाठी बाहेरगावी होते, मग सातवी पास होऊन बुलढाण्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेले होते. नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. ट्रेनिंग संपवून उन्हाळ्यात मी घरी आले ती डोक्यात सगळं ज्ञान भरून. स्वभाव मुळात तापट, त्यात नुकतीच मास्तरीण झालेली. विस्तवात तेल.

घरी कळलं की वैशाखी पौर्णिमेला आमच्या ओट्यासमोरच्या निंबाखाली सभा आहे. पाच गावांची माणसं येणार. बानं उठून पहिले दोन शब्द बोलायचे असं पंचांनी ठरवलं होतं. बाच्या आयुष्यात असा मान पहिल्यांदाच येत होता. आणि बा जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "पौर्णिमेच्या आधीच्या बाजारी पिंजरेवाला येते. त्याले देऊन टाकतो पाखरू. लोकायपुढं मी बोलाले उठीन आन हे वरून जोहार घालीन, ते मले सोसाचं नाई."

मायनं बाच्या ताटात आणखी अर्धी भाकर वाढली, त्यानं ती तशीच ठेवली. मिठू दांडीवर बसून चोचीवर चोच घासत होता. झोपेआधी समाधानी पोपट तसा आवाज करतो. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला आणि दोघांची कीवही आली. मी म्हणाले, "बाजारात नेऊ नका. मी शिकवते त्याले. जयभीम म्हणाले शिकवते."

बा म्हणाला, "पाह्य बाई. तू शिकेल हायेस."

माझ्या हाती पौर्णिमेपर्यंत महिना-सव्वा महिना होता. मी पहाटे फटफटलं की पिंजऱ्यावर फडकं टाकायची, म्हणजे लक्ष विचलित होणार नाही. फडक्याआड बसून म्हणायची, "जयभीम. जयभीम." शंभर वेळा. सूर तोच, वेग तोच, ट्रेनिंगमध्ये शिकवला तसा. संध्याकाळी पुन्हा शंभर वेळा. घसा बसला. शेजारची बाई मायला विचारायची, "पोट्टीले काही झालं काय वं?" मिठू फडक्याला आतून भोक पाडायचा आणि त्या भोकातून एका डोळ्यानं माझ्याकडे बघायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी दुसरा नियम काढला, आणि सगळा घोळ तिथं झाला. आमच्या शाळेत चुकलेल्या पोराच्या पुढ्यात मास्तर छडी आपटून ओरडायचे, पुन्हा चूक व्हायची नाही. मी घरात सांगितलं, "त्यानं जुना शब्द काढला की सगळ्यांनी एकदम वरडाचं. एकदाही सोडाचं नाई."

मायला ते पटलं नाही. ती म्हणाली, "जित्त्याची खोड हाय ते. वरडून जाते काय?" मी तिला गप्प केलं. मी शिकलेली ना.

पहिल्या दिवशी आम्ही ओरडलो तर मिठू दचकून दांडीवरून पडला. मला वाटलं, लागू पडलं. बा आधी ओरडत नव्हता, त्याला संकोच वाटायचा. दोन-तीन दिवसांनी एकदा घाट्या वाजल्या, बा आत उठून आला, बाहेर मिठू "जोहार, मायबाप" म्हणाला, शेंगा पडल्याचा आवाज आला, छकडा गेला. आणि बा एकदम आतून ओरडला, "चूप बे. चूप बस म्हणलं ना." तो जाड, भरदार आवाज. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्यात होतं. भांडी थरथरली. ओरडून झाल्यावर बा बराच वेळ हातांत डोकं धरून बसला. मी त्याला पाणी दिलं.

त्यानंतर बा रोज ओरडू लागला, आमच्या दोघींपेक्षा मोठ्यानं. पाटील निघून गेल्यावर मात्र. छकडा समोर असताना त्याच्या तोंडून आवाज निघत नसे, आणि मीही त्याला ओरड म्हणत नसे.

मिठूचं काय चाललं होतं? तो "जोहार, मायबाप" म्हणायचा आणि थांबायचा. मान वाकडी करायचा, बुबुळ बारीक व्हायचं, दाराकडे टक लावून बघायचा. मी म्हणायची, "पाह्य माय, भेवून राह्यला तो. लाजून राह्यला."

माय चूल सारवत होती. वर न बघता म्हणाली, "लाजून नाई राह्यला. वाट पाहून राह्यला."

मला तेव्हा तिचं म्हणणं कळलं नाही. पोपटाला रागावणं आणि लाड यात फरकच वाटत नाही, हे पुढं कळलं. आपण बोललो की घरातलं सगळ्यात लाडकं माणूस जोरानं ओ देतं, एवढंच त्याला कळत होतं. मी बाला शिक्षा करायला बसवलं होतं आणि बा रोज त्याला बक्षीस देत होता.

बाजाराच्या आदल्या दिवसाची सकाळ. बानं पिंजरा धुऊन, तारा पुसून ठेवला होता, उद्या न्यायचा म्हणून. मायनं मिठूला वाटीभर भिजलेली डाळ दिली होती आणि ती मिठूकडे पाठ करून बसली होती. मी हरले होते. मला रडू येत होतं, पण हरलेली मास्तरीण रडतानाही कोणी बघू नये असं वाटत होतं, म्हणून मी दाराशी उभी राहून मिरच्यांची देठं खुडत होते.

घाट्या वाजल्या. बा ओट्यावरून उठून आत आला.

छकड्यात पाटलांसोबत त्यांचे एक पाहुणे होते, पांढरेशुभ्र कपडे, टोपी. पाटलांनी छकडा ओट्याला अगदी लागून उभा करवला. म्हणाले, "आता ऐका गंमत." शेंगा धरलेला हात पिंजऱ्याजवळ नेला.

मिठूनं पाहुण्यांकडे बघितलं. नवा माणूस दिसला की पोपट बहुतेक गप्प बसतो. मला आशा वाटली. पण शेंगा दिसत होत्या. तो दांडीवर सरकत पुढं आला, मान खाली घातली आणि म्हणाला, "जोहार, मायबाप."

पाहुणे हसले. पाटील हसले. मिठू थांबला. मान वाकडी केली. दाराकडे बघितलं. आत बा उभा होता, त्याच्या ओठातून आवाज नाही, पाटील समोर असताना कधी नसायचाच. मिठूनं थोडी वाट बघितली. मग पिसं फुलवली, तोंड पाटलांच्या हाताकडे वळवलं आणि बाच्या जाड, भरदार, घरातल्या आवाजात म्हणाला, "चूप बे. चूप बस म्हणलं ना."

शेंगा धरलेला हात तिथंच राहिला. बैल हाकणाऱ्या गड्यानं खांद्यावरचं उपरणं तोंडात कोंबलं, पण त्याचे खांदे हलत होते. पाहुणे डोंगराकडे बघू लागले. माझ्या सुपातल्या मिरच्या सांडल्या.

पाटील हळू आवाजात म्हणाले, "कोण बोललं?"

आता खरं सांगते. मी ट्रेनिंग घेतलेली, सभेत बोलायला टपलेली, आणि माझ्या मनात त्या घडीला एकच होतं: बानं म्हणावं, कोणी नाही मायबाप, मुकं पाखरू आहे, माफ करा. म्हणावं आणि वेळ निभावून न्यावी. आमचं घर वस्तीच्या टोकाला होतं. मजुरी पाटलांच्याच शेतात मिळायची. मी बाकडे डोळ्यांनी तशी खूणही केली.

बानं माझ्याकडे बघितलं नाही. तो उंबऱ्याबाहेर आला. ओट्याच्या कडेला उभा राहिला, खाली उतरला नाही. ओटा उंच आणि छकडा ठेंगणा, म्हणून पाटलांना मान वर करून बघावं लागलं. बा म्हणाला, "पाखरू बोललं, पाटील. पण आवाज माहाच हाय."

घरातलाच आवाज होता तो. जाड. त्यात राग नव्हता, वाकणंही नव्हतं. पाटील, असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता. मी तरी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पाटलांनी हातातल्या शेंगा खिशात परत घातल्या आणि गड्याला म्हणाले, "हाक." छकडा गेला. घाट्या लांबपर्यंत ऐकू येत होत्या.

बा उभाच होता. माय बाहेर आली, तिनं बाच्या हाताला धरलं नाही. घोंगडी आणून ओट्यावर अंथरली. बा बसला. म्हणाला, "चहा ठेव वं." आणि थोड्या वेळानं, पिंजऱ्याकडे बोट करून, "त्यालेही दे काही. लय बोलला आज." मग तो हसायला लागला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. मायही हसत होती. मी आत जाऊन रडले. माझी खूण बानं मानली असती तर, या विचारानं रडले.

दोन दिवस आम्ही धास्तीत होतो. काही झालं नाही. मजुरीही बंद झाली नाही. पाटलांनी फक्त छकडा थांबवणं सोडलं. का ते मला माहीत नाही, आणि उगीच त्यांच्या मनातलं मी सांगणार नाही.

मिठू बाजारात गेला नाही. पौर्णिमेच्या सभेला बानं स्वतः पिंजरा निंबाच्या फांदीला टांगला. तोवर गोष्ट पाच गावांत पसरली होती, सगळे येऊन म्हणत होते, "बोल मिठू, बोल." मिठूनं सगळ्यांकडे पाठ फिरवली आणि सभा संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. पोपटच तो. बा मात्र बोलला. दोनच शब्द बोलायचे होते, बरंच बोलला. आणि माझा जयभीम? तो मिठूनं पुढं वीस वर्षं जगूनही कधी उचलला नाही. त्या विषयात तो नापासच राहिला, की मी, देव जाणे म्हणायचीही सोय आता राहिली नाही.

पण मला आठवते ती त्याच दिवसाची संध्याकाळ, पाटलांचा हात हवेत राहिला त्या दिवसाची. बा सकाळपासून ओट्यावरून हलला नव्हता. जेवलाही तिथंच. ऊन उतरलं आणि मळ्याच्या बाजूनं घाट्या वाजू लागल्या. माय दारात येऊन उभी राहिली. मी तिच्या मागं. मिठू दांडीवर पुढं सरकला, त्यानं आपलं नेहमीचं म्हटलं, "जोहार, मायबाप," थांबला, आणि मग बाच्या आवाजात त्यालाच दटावलं. छकडा जवळ आला, समोरून निघाला. बा भिंतीला टेकून मिठूसाठी भिजवलेले हरभरे सोलत होता. त्यानं वर बघितलं नाही. त्याचे दोन्ही पाय रस्त्याकडे लांब पसरलेले होते, तळव्यांच्या भेगा दिसत होत्या, आणि छकडा पूर्ण जाईपर्यंत त्यानं ते जवळ घेतले नाहीत.